पावसाआधीची दारं : शिरोड्याच्या घराच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

गोव्यात शिरोड्याला आमचं नवं घर बांधतोय, आणि दादा पुण्याहून व्हॉट्सॅपवर दारांची चित्रं पाठवतोय. पैसे निम्मे त्याचे, राबता माझा आणि आईबाबांचा. हिशेब आणि कारणं दोन्ही लिहिलेली राहावीत म्हणून ही वही. मी बांधकामाचा डिप्लोमा केलेली, दहा वर्षं दुसऱ्यांच्या घरांची मापं घेत आले. पण दाराचं काम आजवर 'सुतार बघेल' म्हणून सोडून दिलं, हे कबूल.

एकूण दारं दहा. पुढचं, मागचं, देवखोलीचं, झोपायच्या खोल्यांची चार, न्हाणीघरांची तीन. भिंती चिऱ्याच्या, नऊ इंची. पुढचं दार पश्चिमेला. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी तीननंतरचं ऊन आणि जून ते सप्टेंबर समोरून येणारी पावसाची झड. वर चार फुटांचा सज्जा आहे, तो कमी पडणार हे मला नकाशा काढतानाच कळत होतं. दादाला समोरून 'सुटसुटीत' हवं होतं.

दादाची मागणी: चार फूट रुंद, आठ फूट उंच, एकच कवाड, गुळगुळीत सागवानी, बिजागऱ्या न दिसणारं, मधल्या खुंटावर फिरणारं. त्याला पिव्होट दार म्हणतात.

मुदत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. पुढल्या वर्षी ती २७ ऑगस्टला आहे.

८ डिसेंबर २०२४, रविवार

पर्वरीच्या एका शोरूमला जाऊन आले. दार सुंदर. विक्रेता म्हणाला, "पूर्ण भरीव बर्मा टीक." मी दाराच्या वरच्या काठावर हात फिरवला, मग मोबाइलचा दिवा धरला. समोरच्या अंगावर डोंगरासारख्या चढत जाणाऱ्या रेषा होत्या, पण काठावर त्यांचा मागमूस नाही. काठावर बोटभर रुंदीचे तुकडे एकमेकांत दातरे घालून चिकटवलेले. म्हणजे आत कसलं तरी जोडलेलं लाकूड आणि वर सागाची पातळ कातडी. तसं दार वाईट असतं असं नाही, उलट काही ठिकाणी तेच बरं. पण मग भाव भरीवाचा का?

'बर्मा'बद्दलही तेच. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी दुकानात सगळा साग अजून बर्म्याचाच. बाहेरून येणारा बराचसा साग आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतला असतो. लवकर वाढलेला, कोवळा, पांढरा भाग जास्त. वाळवीला नकोसा असतो तो सागाचा गाभा. बाहेरचा पांढरा भाग ती इतर लाकडासारखाच खाते. तेव्हा देश विचारण्यापेक्षा फळीत पांढरं किती आहे ते बघावं.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

तोर्ड्याला जाऊन आले. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या अवशेषांच्या दर्शनाची गर्दी, बाणस्तारीच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी. तोर्ड्याला वास्तुरचनाकार जेरार्द द कुन्हा यांनी उभारलेलं गोव्यातल्या घरांचं संग्रहालय आहे, तिठ्यावर जहाज अडकून पडल्यासारखी इमारत. शिंपल्यांच्या तावदानांपाशी लोक फोटो काढत होते. मी दारं मोजत होते.

एक गोष्ट डोक्यात बसली. जुनी दारं बहुतेक दोन कवाडांची. कवाड एक-सव्वा फुटाचं, फार तर दीड. मी आजवर समजत होते की ती शोभा. घरी येऊन बाबांना विचारलं तर म्हणाले, "मोठं कवाड पावसात उघडणार कोण?"

४ जानेवारी २०२५, शनिवार

मेस्त, म्हणजे आमचे सुतार, आले. वय सत्तरीच्या पुढे, बाबांच्या शाळेतले, आमच्या देवळाच्या सभामंडपाचं लाकूडकाम त्यांच्या हातचं. मी दादाचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "हें दार पावसांत कशें वागतलें, तें पयलीं सांग."

मग आम्ही हिशेब मांडला. मांडला मीच, पण प्रश्न त्यांचा.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ओंडका आडवा-सपाट चिरून काढलेल्या फळीत ते हलणं जास्त, मध्यापासून काठाकडे चिरलेल्या फळीत साधारण निम्मं. सपाट चिरलेल्या सागाचा ओलावा एक टक्क्याने वाढला की रुंदी सुमारे ०.२ टक्के वाढते. इतर लाकडांच्या मानाने हे थोडं आहे, म्हणून तर साग. आता मार्चमधला ओलावा १२ टक्के आणि जुलैतला १६ धरला, तर चार टक्क्यांचा फरक. चार फुटी म्हणजे १२२० मिलिमीटरचं सलग दार त्यात ९ ते १० मिलिमीटर फुगणार. दोन्ही बाजूंची मोकळीक मिळून ६. उरलेले तीन-चार मिलिमीटर जाणार कुठे? चौकटीत.

तेच दार उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या सांगाड्याचं, मध्ये खाचेत मोकळं बसवलेलं पॅनेल असं केलं, तर रुंदीत हलतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. पाच-पाच इंच, मिळून २५४ मिलिमीटर. वाढ २ मिलिमीटर. पॅनेल आपल्या खाचेत हवं तेवढं फुगतं, चौकटीला त्याचा पत्ता लागत नाही. शर्त एकच, पॅनेलला गोंद लावायचा नाही. नवशिका सुतार गोंद लावतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात पॅनेल मधोमध फाटतं.

वजनही काढलं. चार बाय आठचं, दोन इंच जाड सागवान जवळजवळ ९७ किलो. सिमेंटची दोन पोती.

संध्याकाळी फोनवर दादा म्हणाला, "जगभर करतात मग." करतात. कोरड्या हवेत करतात, किंवा आत जोडलाकडाचा गाभा आणि वर कातडी असं करतात. तोही पर्याय वहीत लिहून ठेवला आहे. पण पश्चिमेची झड खाणाऱ्या दाराला कातडी लावायची माझी छाती नाही. एकदा कडेने पाणी शिरलं की पापुद्रा सुटतो आणि त्याला रंधा मारता येत नाही, कारण रंध्याखाली लाकूडच नसतं.

५ जानेवारी, रविवार

गंमत राहिली. जुन्या घराचं दार मांगरात, म्हणजे आवारातल्या खोपटात, उभं करून ठेवलंय. मेस्तांनी आज ते आडवं पाडून दाखवलं. बिजागरी नाहीच. प्रत्येक कवाडाच्या एका कडेची फळी वर आणि खाली वीतभर लांब ठेवलेली, टोकं गोल केलेली, ती माथ्याच्या आणि उंबरठ्याच्या खळग्यात फिरतात. म्हणजे दादाचं पिव्होट दार. फोटो पाठवला. दोन तास उत्तर नाही, मग एक अंगठा.

ते दार मात्र वापरता येणार नाही. उंची साडेपाच फूट. पूर्वी घरात वाकून शिरायची रीत होती. दादा सहा फूट एक इंच.

१२ जानेवारी २०२५, रविवार

लाकूड.

बाबांचं म्हणणं मागचा फणस पाडू. फणसाचं लाकूड दाराला उत्तम, पिवळंधमक, वर्षागणिक तांबूस होत जाणारं, वाळवी सहसा शिवत नाही. पण खाजगी जागेतलं झाड पाडायलाही १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी ओलं लाकूड सावलीत सुकायला जाडीच्या दर इंचाला वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. चवथ काही दोन वर्षं थांबणार नाही. फणस वाचला. आई खूश, तिला मे महिन्यात सांदणं करायची असतात.

माटीचा, म्हणजे ऐनाच्या लाकडाचा, विचार केला. ताकदीचं, आपल्या रानातलं, जुन्या घरांच्या तुळया माटीच्या असत. पण सुकताना वाकतं. मेस्त म्हणतात तुळईला बरं, कवाडाला नको. शिवण हलकं, शांत लाकूड, फार हलत नाही. देवखोलीचं दार शिवणीचं ठरवलं. बाकी चौकटींना आणि मागच्या दाराला साग, डेपोतून, वाहतुकीचा परवाना बघून.

पुढच्या दारासाठी मात्र मेस्तांनी मांगरातल्या चार तुळया निवडल्या. जुन्या माजघरावरच्या, सागाच्या. बाबांच्या आजोबांच्या वेळच्या. धुराने काळ्या. त्यांनी कोपऱ्यात रंध्याचा एक हात मारला आणि आतून मधासारखं लाकूड निघालं, वाससुद्धा जिवंत. याहून वाळलेलं लाकूड विकत मिळणार नाही.

अडचण गिरणीची. जुन्या लाकडात खिळे असतात आणि एक खिळा पात्याचे दात घालवतो. पहिल्या गिरणीने नाही म्हटलं. दुसरीने, पातं गेलं तर भरपाई तुमची, या बोलीवर घेतलं. बाबा आणि मी दोन रविवार चुंबक फिरवत बसणार आहोत.

चौकटीचा हिशेब, पुढच्यासाठी नमुना: छेद ५ बाय ३ इंच. दोन उभे सव्वासात फुटी, वरची पट्टी आणि उंबरठा साडेचार फुटी. एकूण साडेतेवीस फूट. पंधराने गुणून १४४ ने भागलं की २.४५ घनफूट. डेपोवाल्याने तीन लावले होते. चिरताना जाणारा भुसा धरूनही तीन होत नाहीत. बोलून पावणेतीनवर आणले.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

दार कसं असेल ते ठरलं, दोन तास फोनवर भांडून.

उंची सात फूट. रुंदी चार फूट राहील, पण कवाडं दोन, लहानमोठी. मोठं अडीच फुटांच्या वर, रोजच्या येण्याजाण्याचं. लहान दीड फुटाच्या आत, वर-खाली कडीने बंद. दादाला 'जुनाट' दिसू नये म्हणून उठावाचं कोरीवकाम नाही. सांगाडा आणि पॅनेल एकाच पातळीत, मध्ये फक्त एक बारीक रेघ. लांबून बघितलं तर सलग फळी. ही रेघ म्हणजेच पॅनेलची फुगायची जागा, पण ती दादाने स्वतः 'शॅडो लाइन' म्हणून मागितली. मी काही बोलले नाही.

चार फुटांचा आग्रह माझाही होता, वेगळ्या कारणासाठी. आमचा गणपती पाटासकट दोघांनी धरून आणतात. धरणाऱ्यांच्या कोपरांसकट मोजलं तर साडेतीन फूट लागतात.

आतली सहा दारं (झोपायच्या खोल्या चार, न्हाणीघरं दोन) सपाट, भरीव गाभ्याची, ३५ मिलिमीटर, फॅक्टरीची. आय. एस. २२०२ (अशा दारांचं भारतीय मानक) चा शिक्का आणि पाण्यात टिकणारा गोंद बघून. इथे भरीव साग घालणं म्हणजे पैशांची हौस. आतल्या दाराला ना ऊन ना झड. खालच्या न्हाणीघराला लाकूडच नको, तिथे पीव्हीसीचं. दादाचं तोंड वाकडं. सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी ओतणारे आईबाबा आहेत, तो नाही.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

डेपोचा साग सहा आठवडे पडवीत रचलेला, प्रत्येक थरामध्ये इंचाच्या पट्ट्या, टोकांना रंग फासलेला. टोकातून पाणी लवकर उडतं आणि मग टोक फाटतं, म्हणून. माझ्याकडे दोन सुयांचं ओलावामापक यंत्र आहे. आलं त्या दिवशी २२, आज १५. मी आनंदाने मेस्तांना सांगितलं. ते म्हणाले, ते वरचं. आतलं बघ.

म्हणून तीन इंची फळीचा मधला तुकडा कापून घेतला आणि घरातच तपासला. तुकडा २४६ ग्रॅम. आईच्या केकच्या भट्टीत शंभर अंशांच्या जरा वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. शेवटी २०५. गेलेलं पाणी ४१ ग्रॅम, भागिले २०५, म्हणजे २० टक्के. यंत्र १५ सांगत होतं. सुया काही मिलिमीटरच आत जातात, त्यांना आतलं कुठून कळणार?

आय. एस. २८७ मध्ये देशाचे हवेतल्या दमटपणाप्रमाणे चार पट्टे केलेत आणि किती ओलावा चालेल ते पट्ट्याप्रमाणे दिलंय. आपण सर्वांत दमट पट्ट्यात, म्हणून दिल्लीपेक्षा आपल्याला सवलत आहे. पण २० त्यातही बसत नाही. चौकटी अजून महिनाभर थांबवल्या. गवंडी वैतागला. आई भट्टीला सागाचा वास येतो म्हणून वैतागली. जुन्या तुळईचा तुकडा त्याच भट्टीत १२ टक्के आला.

२४ मार्च २०२५, सोमवार

शिगम्यात, आमच्या होळीच्या सणात, मेस्त आठ दिवस गायब. रोमटामेळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवतात, या वयात. आजपासून चौकटी.

चौकटीचा जो भाग भिंतीत जातो त्याला आतून काजूच्या टरफलाचं तेल दोन हात. आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना लावायचे तेच. वाळवी, बुरशी दोन्हींना भारी. पण कातडीवर पडलं तर भाजल्यासारखी जखम होते. मेस्तांकडच्या पोराला हातमोजे दिले होते, त्याने ते घाम येतो म्हणून काढले. मनगटावर फोड. औषधाचे ३२० रुपये खर्चात धरले.

चौकटीचे पाय फरशीखाली गाडायचे नाहीत यावर ठाम राहिले. गवंड्याची सवय गाडायची. लाकडाचं टोक म्हणजे नळ्यांची जुडी, पाणी वर खेचते. जुन्या घरांत चौकट पहिली कुजते ती तिथेच. खाली काळ्या दगडाची पट्टी, त्यावर चौकट. आईला उंबरठा लाकडाचाच हवा, हळदकुंकू दगडाला कसं वाहायचं? मग दगडाच्या पट्टीवर लाकडी उंबरठा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. दोघींचं समाधान.

१३ एप्रिल २०२५, रविवार

पुढच्या दाराचे जोड. पट्टीच्या टोकाला कूस, म्हणजे पुढे काढलेली जीभ, दुसरीत आरपार खाच, वरून लाकडी खुंटी. खुंटीचं भोक कुसात केसभर आत घेतात, म्हणजे ठोकताना जोड आपोआप आवळतो. मेस्तांनी सगळं दार आधी कोरडंच जुळवलं, उभं केलं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, मग दुसरी. दोन्ही दोऱ्या सारख्या. तेव्हा कुठे गोंद, तोही फक्त कुसांना.

त्यांचा नातू बाजूला फोनवर बघत बसला होता. मेस्त त्याला काही म्हणाले नाहीत. नंतर पाहिलं तर पोरगा त्याच जोडाचं चित्र काढत होता.

८ मे २०२५, गुरुवार

बिजागऱ्या. मोठं कवाड साठेक किलोच्या आत, चार बिजागऱ्या पाच इंची, पितळी. स्क्रूही पितळीच. लोखंडी स्क्रू इथल्या दमट हवेत गंजतो आणि लाकडातल्या तुरट अंशाशी मिळून भोवती काळा डाग पाडतो, तो कितीही घासला तरी जात नाही. चार समान अंतरावर नाहीत. ओढ वरच्या बिजागरीवर असते म्हणून दुसरी तिच्या जवळच.

मोकळीक किती ठेवायची यावर माझं म्हणणं सगळीकडे तीन मिलिमीटर. मेस्तांनी खिशातून दोन नाणी काढून एकावर एक ठेवली, कवाड आणि चौकट यांच्यात फिरवली. "आता एवढी. जुलैत एक नाणं जायला हवं." माझ्या वहीतला हिशेबही साधारण तेवढाच येतो, फक्त मला त्याला अर्धं पान लागलं होतं.

न चुकता करायचं, मेस्तांचा हुकूम: रंधा झाला की त्याच दिवशी सहाही बाजूंना सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा) एक हात. समोर, मागे, दोन्ही कडा, माथा आणि तळ. तळ सगळे विसरतात.

दादा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश म्हणत होता. आतल्यासाठी ठीक. पश्चिमेच्या उन्हात पारदर्शक थर दोन-तीन वर्षांत तडकतो, फटीतून पाणी शिरतं, खाली लाकूड काळं पडतं, आणि मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या दाराला अळशीच्या तेलावरचा लेप ठरवला. चकाकी नाही, पण दर वर्षी दिवाळीआधी फडक्याने एक हात पुसला की झालं. ते काम बाबांना जमेल. 'घर मॅट हवं होतं तुला,' असं म्हटल्यावर दादा गप्प.

२६ मे २०२५, सोमवार

पाऊस आला. २४ मेला केरळात, २००९ नंतरचा सर्वांत लवकर, आणि पाठोपाठ आमच्याकडे. आठवडाभर आधीपासून कोसळतोच आहे. आमचं सगळं गणित ५ जूनचं होतं.

जमेची बाजू: पुढचं, मागचं, देवखोलीचं, तिन्ही बसली आहेत, सीलर झालाय, पुढच्या दाराला तेलाचे दोन हात झालेत. नावेची बाजू: आतल्या सहा दारांचं पॉलिश राहिलं. पॉलिशवाला म्हणाला, करून टाकतो. मी नाही म्हटलं. या हवेत थराखाली दमटपणा अडकतो आणि पांढुरका धुरकट डाग पडतो. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात. दादाचा आवाज चढला, "चवथीला पाहुणे कच्ची दारं बघणार?" बघू देत.

पुढच्या दारावर झड येतेय. ओसरीत खुर्ची टाकून तासभर बघत बसले. पाणी तळाच्या पट्टीवर थांबत होतं, तिथे खाली पाणी तोडणारी तिरकी पट्टी लावायचं माझ्या नकाशात होतं आणि करायचं राहिलं होतं. मेस्त छत्री घेऊन आले, पट्टी बनवूनच.

१९ जून २०२५, गुरुवार

माझी चूक. लिहून ठेवते.

वरच्या मजल्यावरच्या खोल्यांची दारं बसवली तेव्हा फरशी व्हायची होती. मी फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून ४० मिलिमीटर धरले, झाले ५०. मग मागच्या आठवड्यात दारं खालून कापावी लागली. कापली मीच सांगून, मेस्त नव्हते, त्यांच्याकडच्या पोराने यंत्राने अर्ध्या तासात चारही उरकली. कापलेल्या तळाला सीलर लावायचा राहिला. आज उत्तरेच्या खोलीचं दार फरशीला घासतंय, तळाशी बोटभर उंचीपर्यंत फुगलंय. फॅक्टरीने कडेला दिलेली भरीव लाकडी पट्टी आम्ही कापून टाकली आणि गाभा उघडा ठेवला. वर दुसऱ्याच दिवशी कामवालीने ओल्या फडक्याने फरशी पुसली.

चारही दारं उतरवली. पंखा लावून आठ दिवस आडवी सुकवणार, मग सागाची नवी पट्टी चिकटवून, चहूबाजूंनी सीलर. एक दार बहुधा पूर्ण सावरणार नाही. खर्च माझ्या खात्यात.

बाबा म्हणाले, "सुतार बघेल म्हणून सोडलं असतंस तर वाचलं असतं." बरोबर आहे.

२० जुलै २०२५, रविवार

सूर्य पाहून नऊ दिवस झाले. चपलांना बुरशी, मिठाला पाणी.

नाणं घेऊन पुढच्या दाराभोवती फिरले. वरच्या काठाला एक नाणं मोकळं जातं. कुलुपाच्या बाजूला जातं, खाली जरा अडखळतं. दोन कवाडं मिळतात तिथे जातं. मोठ्या पॅनेलभोवतीची रेघ मात्र जवळजवळ मिटली आहे. एप्रिलमध्ये त्या खोबणीत माझं नख शिरायचं, आज कागद शिरतो. ती मोजपट्टी लावून फोटो दादाला पाठवला, सोबत एप्रिलमधला. त्याने विचारलं, "शॅडो लाइन गेली कुठे?" म्हटलं, दिवाळीला ये, परत येईल.

मागचं दार नव्या सागाचं, ते कुलुपापाशी घट्ट झालंय. मेस्त म्हणतात रंधा मारू नको, ऑक्टोबर बघू. आता तासलं तर मार्चमध्ये फट दिसेल. तोवर खांदा देऊन उघडतोय. शिवणीचं देवखोलीचं दार मे महिन्यात बसलं होतं तसंच आहे, चिमूटभरही नाही हललं. हे लाकूड लोक का विचारत नाहीत कळत नाही. रंग फिका म्हणून असेल.

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार

दादा काल रात्री आला. गाडीतून उतरून आधी दार उघडून-मिटून बघितलं, पाच-सहा वेळा, आवाज ऐकत. काही बोलला नाही. मग खाली वाकून तळाची तिरकी पट्टी बघितली आणि विचारलं, ही माझ्या चित्रात नव्हती ना?

आज दुपारी मूर्ती आणायला निघायच्या आधी लहान कवाड उघडायला गेलो तर वरची कडी हलेना. मे महिन्यानंतर कोणी उघडलंच नव्हतं. दादा हातोडी आणायला निघाला. बाबांनी त्याला थांबवलं, देवखोलीतून मेणबत्तीचा तुकडा आणला, कडीच्या दांड्यावर घासला, दोनदा मागेपुढे केलं, सुटली. पूर्ण चार फूट मोकळं झालं. मी सवयीने मोजून घेतलं, पाटाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहते.

बाकी कामं: आतली दारं पॉलिश, नोव्हेंबर. उत्तरेच्या खोलीचं दार बदलणं. मागचं दार, ऑक्टोबरात मेस्त बघणार. मेस्तांचे राहिलेले ११,००० उद्या नाही, परवा नेऊन द्यायचे, पंचखाद्याबरोबर. अडसर बाबांना हवाच आहे. तुळईचा साडेचार फुटी तुकडा त्यांनी मांगरात वेगळा काढून ठेवलाय आणि त्यावर खडूने 'हात लावू नये' लिहिलंय.